उरलेली सहा मिनिटं

"तुमच्याकडे किती वाजलेत?"

दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवून ते हे विचारायचे. "किती वाजले" असं साधं नाही. तुमच्याकडे किती वाजलेत. जणू आमच्या आळीत एक वेळ चालते आणि मागच्या गल्लीत दुसरी. मी भिंतीकडे बघून सांगायचे. ते डोळे मिटून मनात काहीतरी वजा करायचे, "हं" म्हणायचे आणि मगच दुसरा पाय वर घ्यायचे.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याचं एकच वेड असतं, आणि ते वेड कुणाच्या उपयोगाचं नसतं. आपण त्याला बसायला स्टूल देतो, चहा विचारतो आणि तो गेल्यावर हसतो. मीही हसले आहे.

आमचं दुकान इलेक्ट्रिकच्या सामानाचं. जुन्या पनवेलात, वडाळे तळ्यापासून पाच मिनिटांवर. वायर, बल्ब, पंख्याचे कंडेन्सर, मिक्सरचे कपलर. आमचे हे उलव्याला नव्या इमारतींच्या वायरिंगची कामं घेतात, त्यामुळे ते दिवसभर तिकडे आणि दुकानात मी. मी बोलघेवडी नाही. गिऱ्हाइकानं काय हवं ते सांगावं, मी काढून द्यावं, त्यानं जावं. हे गृहस्थ मात्र सामान घेऊन झालं तरी जायचे नाहीत.

तळोज्याच्या एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात नोकरी करून ते निवृत्त झाले होते. शर्ट इस्त्रीचा, चपला झिजलेल्या, आणि खिशाला पेनाच्या जागी बारका टेस्टर. मनगटावर घड्याळ कधीच नाही. सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. ते घरी डिजिटल घड्याळं बनवायचे. लाल आकड्यांची, आमच्याकडून नेलेल्या स्विचबोर्डाच्या पांढऱ्या पेटीत बसवलेली. पेटीला स्विचसाठी असलेली भोकं ते बुजवायचे नाहीत. "हवा खेळते," म्हणायचे.

घड्याळ बनवणं त्यांच्या दृष्टीनं काहीच नव्हतं. "बनवायला काय, चार दिवसांत होतं. बरोबर चालवायला जन्म जातो." घड्याळाच्या पोटात तांदळापेक्षा थोडी मोठी एक चंदेरी नळी असते, क्रिस्टल म्हणतात तिला. ती ठरावीक वेगानं थरथरते आणि त्या थरथरण्यावर घड्याळ सेकंद मोजतं. फार उकडलं की ती सुस्तावते आणि घड्याळ मागं पडतं. शेजारी एक इवलासा फिरवायचा स्क्रू असतो, तो केसभर फिरवून हे मागंपुढं जाणं सांभाळायचं. केसभर म्हणजे खरंच केसभर. शिवाय धातूचा स्क्रू ड्रायव्हर जवळ आला तरी ती नळी बिथरते, म्हणून काकांनी टूथब्रशची दांडी कानशीनं घासून तिचं टोक चपटं केलं होतं. ते हत्यार ते शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायचे. बाहेरच्या खिशात टेस्टर, आतल्या खिशात टूथब्रश. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, गावाला निघालेत.

ही घड्याळं ते विकत नसत. गल्लीत वाटत. आणि वाटली की दर महिन्याला जाऊन तपासत. लोकांना घड्याळ हवं असे, तपासणी नको असे. त्यात आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. घरातलं घड्याळ कुणी बरोबर ठेवत नाही. कुणी पाच मिनिटं पुढं, कुणी दहा. म्हणजे शाळेला, गाडीला, देवळात आरतीला उशीर होत नाही, असा समज. खरं तर घड्याळ दहा मिनिटं पुढं आहे हे घरात सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करून निवांत बसतात.

काका महिनाभर जीव ओतून घड्याळ सेकंदावर आणायचे आणि माणूस ते घरी नेऊन पहिल्यांदा दहा मिनिटं पुढं करायचा.

आमच्या समोर टेलर चाचांचं दुकान आहे. त्यांना दिलेलं घड्याळ तपासायला काका गेले, तेव्हा मी इकडून बघत होते.

"चाचा, हे पंधरा मिनिटं पुढं कसं?"

"मी केलं," चाचा मशीन न थांबवता म्हणाले. "मस्त हाय घड्याळ, माशाल्ला. गप्पा मारायला बसलेलं गिऱ्हाईक लवकर उठतंय."

"अहो, पण मी ते सेकंदावर लावलं होतं."

"मग पंधरा मिनिटं पन सेकंदावरच पुढं हाय ना. तुमची मेहनत कुठं गेली?"

काका रस्ता ओलांडून माझ्याकडे आले, स्टुलावर बसले. मग म्हणाले, "ताई, अख्ख्या पनवेलला खरी वेळ नकोय." मी चहा सांगितला. चहाबद्दल त्यांची तक्रार नसे.

त्यांच्या बायकोला मी ओळखत होते, ते याच दुकानामुळे. ठेंगणी, भरभर बोलणारी बाई. मिक्सरचा कपलर घ्यायला यायच्या आणि तो स्वतः बसवायच्या. "घरात इन्स्ट्रुमेंटवाला आहे," त्या म्हणायच्या, "पण मिक्सरला हात लावत नाही. मिक्सर एक तर दळतो नाहीतर दळत नाही म्हणे, त्यात सुधारायला काही नाही." एकदा त्यांनीच मला स्वयंपाकघरातल्या घड्याळाची गोष्ट सांगितली. काकांनी बनवलेलं पहिलं घड्याळ ते. गॅसच्या वर, भिंतीला. काकांची कंपनीची बस शिवाजी चौकात यायची आणि काका ती नेमानं चुकवायचे, कारण बाहेर पडण्याआधी ते रेडिओच्या ठोक्याबरोबर घड्याळ जुळवत उभे राहायचे.

"यांना सेकंद कळतो," काकू म्हणाल्या, "बस कळत नाही."

म्हणून काकूंनी ते घड्याळ सात मिनिटं पुढं केलं. रविवारी काका ते बरोबर करायचे, सोमवारी सकाळी काकू परत सात वेळा बटण दाबायच्या. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. दोघांपैकी कुणीही त्याबद्दल तोंडानं भांडलं नाही. काका निवृत्त झाले, बस संपली, तरी सोमवारचं बटण चालूच राहिलं. "आता कुठं जायचंय?" काकांनी विचारलं म्हणे. काकू म्हणाल्या, "कुठं नाही. पण मला पुढं बरं वाटतं."

काकू गेल्या ते झटक्यात. मी भेटायला गेले होते, जितकं जायचं असतं तितकं. मुलगी पुण्याहून आली होती, तेरावं झाल्यावर परत गेली. तिची नोकरी, तिची मुलं. तिला राहणं शक्य नव्हतं. काका पनवेलला राहिले. घर सोडणार नाही म्हणाले. कुणी फार आग्रहही केला नाही.

त्यानंतर वर्षभर तरी ते दुकानात आले नाहीत. गल्लीतल्या घड्याळांची तपासणी बंद पडली. ती घड्याळं जशी जमतील तशी भरकटली. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

मग एका दुपारी ते पायरीवर उभे राहिले. वेळ विचारली नाही. म्हणाले, "ताई, थर्माकोल आहे का? टीव्हीच्या खोक्यातला, जाड."

माझ्याकडे माळ्यावर होता. मी काढून दिला. कशाला, असं विचारायची मला सवय नाही, पण त्यांना सांगायचंच होतं.

"स्वयंपाकघरातलं घड्याळ मागं पडतंय."

"मग पुढं करा."

"पुढंच आहे ते." ते स्टुलावर बसले. "ही गुरुवारी गेली. रविवारी संध्याकाळी गेली असती तर घड्याळ बरोबर असतं. गुरुवारी गेली, म्हणजे हिनं सोमवारी पुढं केलेलं होतं. मग मी रविवारी हात लावला नाही. पुढच्या रविवारीही नाही. वर्षश्राद्धाच्या दिवशी मोबाइल घेऊन बघितलं, तर सातातलं जवळजवळ एक मिनिट गेलेलं. गॅसच्या वर आहे ना. उकाड्यानं रोज थोडं थोडं मागं येतंय."

मी थर्माकोलवरची धूळ फडक्यानं पुसली.

"असंच चाललं तर काही वर्षांत ते बरोबर होईल," ते म्हणाले.

आयुष्यभर ज्या माणसानं घड्याळं बरोबर यावीत म्हणून टूथब्रश खिशात बाळगला, त्याच्या तोंडचं हे वाक्य. आणि तो ते भीतीनं बोलत होता.

माझा स्वभाव रडण्याबिडण्याचा नाही. मी उपाय सुचवला. "एक मिनिट गेलंय ना? एकदा बटण दाबा. सात होतील."

"ते मी दाबलेलं होईल."

"मग ऑनलाइन मिळतं ते घ्या. उपग्रहावरून वेळ घेणारं. ते चुकतच नाही म्हणतात."

"त्याला खरी वेळ कळते, ताई. हिची कुठून कळणार?" मग थोड्या वेळानं, "गेलं ते गेलं. उरलेली सहा जाऊ नयेत, एवढंच बघायचंय."

तर असं ते काम होतं. घड्याळ थांबवायचं नाही, बटणाला हात लावायचा नाही, भिंतीवरून उतरवायचं नाही, कारण खिळा काकूंनी ठोकला होता. चालत्या घड्याळाच्या पोटात शिरून त्याची चाल सुधारायची. थर्माकोल कापून त्या चंदेरी नळीभोवती घर केलं, गॅसची धग लागू नये म्हणून. पण नुसत्या थर्माकोलनं भागेना. स्क्रू फिरवावा लागणार होता, आणि किती फिरवायचा ते चुकून चालणार नव्हतं. म्हणून त्यांनी तसंच दुसरं घड्याळ बनवलं. तीच आयसी चिप, त्याच पाकिटातलं क्रिस्टल, तीच पांढरी पेटी. आधी त्यावर करून बघायचं, जमलं तर मग स्वयंपाकघरातल्यावर.

हे दुसरं घड्याळ टांगायला त्यांना आमचं दुकान हवं होतं.

"तुमच्याकडे पत्रा आहे," ते म्हणाले. "उन्हाळा, पावसाळा दोन्ही आत येतात. चाचणीला उत्तम."

पत्रा त्यांच्या शेजाऱ्यांच्याही पडवीला होता. पण तिथं त्यांना कुणी स्टूल दिलं नसतं. मी हे मनात म्हटलं आणि खिळा दिला.

ते घड्याळ त्यांनी घरी नेऊन स्वयंपाकघरातल्या घड्याळाशी जुळवलं, सेकंदाला सेकंद, आणि सेलवर चालतं ठेवून कापडी पिशवीत घालून आणलं. पिशवी छातीशी धरलेली, जशी दूध सांडू नये म्हणून धरतात. माझ्या गल्ल्यामागं ते लागलं. सहा मिनिटं पुढं. येणारा प्रत्येक जण सांगायचा, "काकी, घड्याळ पुढं आहे तुमचं." मी म्हणायचे, "आहे." चाचा तर समोरून ओरडले, "बघा, शेवटी काकांनी पण पुढं केलं." काका स्टुलावरच होते. हसले. त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

मग दीड-दोन वर्षं तो एकच प्रश्न. "तुमच्याकडे किती वाजलेत?" मी सांगायचे. ते स्वतःच्या घरातून निघताना डोक्यात भरून आणलेली वेळ त्यातून वजा करायचे, रस्त्यात गेलेला वेळ मोबाइलवरून धरायचे. उन्हाळ्यात माझं मागं पडलं की पाठीमागून पेटी उघडून टूथब्रशची दांडी आत घालायचे. श्वास रोखून. मग परत बसायचे. घड्याळ तपासायला खरं तर काही क्षण लागतात. ते जेवणाच्या वेळेपर्यंत बसायचे. जेवायला कुणी हाक मारणार नव्हतं, म्हणून मीच म्हणायचे, "काका, शटर ओढते आता." मग उठायचे.

बोलणं असं फार नव्हतं. कधी कंपनीतल्या एखाद्या मीटरबद्दल, कधी नळाच्या पाण्याबद्दल. काकूंबद्दल क्वचित, आणि तेही घड्याळातूनच. "आज हिची वेळ दोन सेकंदांनीसुद्धा हलली नाही, महिन्यात." हे ते एखाद्या आजारी माणसाला आज जेवण गेलं अशा थाटात सांगायचे.

आणि एके दिवशी खरंच जमलं. एक अख्खा उन्हाळा गेला आणि दोन्ही घड्याळं होती तिथं राहिली. सहा मिनिटं सहाच राहिली. त्या दिवशी त्यांनी आमच्याकडून काहीही न घेता स्वतःच्या हातानं दोन चहा आणले.

त्यानंतर त्यांना डेंग्यू झाला. साधा झाला नाही, दवाखान्यात ठेवावं लागलं. मुलगी धावत पुण्याहून आली. चांगली मुलगी आहे, आईसारखीच भरभर बोलणारी. दिवसा दवाखान्यात, मधल्या वेळात घर साफ. एकटा पुरुष राहतो ते स्वयंपाकघर कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. तिनं डबे घासले, ओटा घासला, जळमटं काढली. माझ्या दुकानात ट्यूबलाइट घ्यायला आली तेव्हा स्वतःहून म्हणाली, "मावशी, बाबा घरी आले की खूश होतील. गॅसवरचं घड्याळ इतकं चिकट झालं होतं. पुसून लख्ख केलं. पुढं पण गेलं होतं, ते मोबाइलवर बघून बरोबर लावलं. बाबांना चुकलेलं घड्याळ मुळीच चालत नाही ना."

ट्यूब माझ्या हातात होती. ती मी हळूच काउंटरवर ठेवली.

तिला सांगून उपयोग नव्हता. बटण दाबून झालं होतं. शिवाय तिनं ते प्रेमानंच केलं होतं. वडिलांना काय आवडतं ते तिला माहीत होतं, काय आवडेनासं झालंय ते माहीत नव्हतं. ते माहीत असायला रोज घरात असावं लागतं.

काका घरी आले, हे मला कळलं. दुकानात मात्र आले नाहीत. मुलगी परत गेली, तरी आले नाहीत. एका सकाळी बघते तर पायरीवर उभे. शर्टाला इस्त्री नव्हती. पाय वर घेतला नाही, प्रश्न विचारला नाही. नुसते माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत होते.

"पोरीनं पुसलं," ते म्हणाले.

"मला म्हणाली ती."

"मी तिला म्हटलं, बरं केलंस."

"बसा."

बसले नाहीत. "बरोबर आहे ते आता. घरात आलो आणि बघितलं. पहिल्यांदा मलाच कळेना काय वेगळं वाटतंय. मोबाइल काढला तर सेकंदावर बरोबर." त्यांनी खिशातून टूथब्रशची दांडी काढली, बघितली, परत ठेवली. "किती पुढं होतं ते मला पाठ आहे. आकडा आहे माझ्याकडे. पण आकडा लावला तर तो माझा."

मला हा माणूस कधीकधी मूर्ख वाटे. त्या दिवशीही वाटला. पण मूर्खपणालाही आपल्याकडे उपाय असतात. मी विचारलं, "काका, घरातलं विरजण बिघडलं की बायका काय करतात?"

ते बघत राहिले.

"शेजारून आणतात. वाटीभर. आणि त्या शेजारणीनं आपल्याकडूनच नेलेलं असतं मागं कधीतरी. दही तेच राहतं. कुणी म्हणत नाही हे आता दुसऱ्याचं."

ते भिंतीकडे बघत होते. लाल आकडा बदलला.

"हे कुणाकडून आलं होतं?" मी विचारलं.

"हिच्याकडून."

"मधे थांबलं होतं?"

"नाही. लाइट गेली तरी सेलवर चालू होतं. मी तपासायचो ना." मग, जरा थांबून, पहिल्यांदाच त्यांनी ते खरोखर विचारायचं म्हणून विचारलं. "तुमच्याकडे किती वाजलेत?"

दुपारी दुकान बंद करतो तेव्हा मी घड्याळ खिळ्यावरून काढलं, वायर लावलेली असतानाच सेल नवे घातले, आणि त्यांच्याबरोबर गेले. पिशवी त्यांनी मला धरू दिली नाही. त्यांचा जिना चढायला त्यांना वेळ लागला. घर मुलगी आवरून गेली होती तसंच टापटीप होतं, म्हणजे वस्तू सगळ्या जागेवर आणि वापरात एकही नाही. ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक भांडं, पालथं. भिंतीवर ते घड्याळ, लख्ख पुसलेलं. बाजूला थर्माकोलचा तुकडा तेवढा जुनाट राहिला होता.

आणलेलं घड्याळ मी त्याच्या शेजारी धरलं. एक बरोबर, एक पुढं. काकांनी बटणावर बोट ठेवलं. पण दाबलं नाही. मी म्हटलं, "मी दाबू?"

"नको. तुम्ही नुसतं सांगा."

मी माझ्या हातातल्या घड्याळाकडे बघून सांगत राहिले. त्यांनी एकेक मिनिट पुढं नेलं. शेवटच्या दाबाला बोट धरून ठेवलं. मी म्हटलं, "आता." त्यांनी सोडलं.

दोन्ही घड्याळांवर आकडे एकदम बदलले. ते दोन-तीनदा बदलेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो. मग काकांनी चहाचं विचारलं. साखर कुठल्या डब्यात आहे ते त्यांना सापडेना. मुलीनं डबे बदलले होते.

पुढच्या वर्षी मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. या खेपेला ते नाही म्हणाले नाहीत. जिना चढवत नव्हता. घर भाड्यानं दिलं. जाताना सगळं सामान टेम्पोत, पण घड्याळ मांडीवर, सेलवर चालू. गाडी आमच्या दुकानासमोर थांबवायला लावली. काच खाली केली आणि मला टूथब्रशची दांडी दिली.

"तुमच्याकडचं मागं पडलं तर लागेल. तिकडे थंडी आहे, पत्रा नाही. मला फारशी लागायची नाही. लागलीच तर घरात ब्रश काय कमी आहेत?"

"मला हे जमणार नाही, काका."

"श्वास रोखायचा. बाकी काही नाही."

मग दर महिन्याच्या पहिल्या तारखेला फोन यायचा. मी दुकान उघडून झाडू मारून बसले की. "तुमच्याकडे किती वाजलेत?" मी सांगायचे. पलीकडे शांतता. "हं. जुळतंय." एवढाच फोन. प्रकृती विचारली तर "ठीक" म्हणायचे. मुलगी, नातवंडं विचारली तर "असतात आपापल्या कामात," म्हणायचे. त्यांच्या खोलीत घड्याळ लावलंय, खिडकीसमोर, असं एकदा म्हणाले. खिडकीतून काय दिसतं, मी विचारलं. "दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या," म्हणाले. कधी बोलणं संपल्यावरही फोन ठेवायचे नाहीत. मीही गिऱ्हाईक येईपर्यंत धरून ठेवायचे. दोन्ही बाजूंना काहीच नाही, नुसता पंख्याचा आवाज, आणि मला माहीत असायचं की ते सेकंद मोजतायत.

एका पहिल्या तारखेला फोन आला नाही. मी केला, उचलला नाही. चार-पाच दिवसांनी मुलीचा आला. गेले, म्हणाली. सकाळी, चहा घेताना. वेळही सांगितली तिनं, नऊ वाजून काही मिनिटं. कुठल्या घड्याळात, ते मी विचारलं नाही.

मग ती म्हणाली, "मावशी, त्यांच्या खोलीतलं ते घड्याळ. पुढंच असायचं. मी पनवेलला बरोबर केलं होतं ना, परत कसं पुढं गेलं कळलंच नाही. मी विचारलं तर म्हणाले, असू दे. काल खोली आवरताना वायर निघाली, सेलही संपले होते बहुतेक. बंद पडलंय आता. टाकवत नाही. पण ठेवून तरी काय करू?"

तेव्हा मी तिला सांगितलं. बस, रविवार, सोमवार, गुरुवार. शेवटी म्हणाली, "म्हणजे ते मी..."

"तू पुसून स्वच्छ केलंस," मी म्हटलं. "बरं केलंस. तेही असंच म्हणाले होते."

ती रडत असावी. मी थांबले. मग म्हटलं, "सेल नवे घाल. आणि पनवेलला येशील तेव्हा घेऊन ये. माझ्याकडे चालू आहे."

"येईन," ती म्हणाली. "सुट्टी मिळाली की येईन."

अजून आलेली नाही. येणं सोपं नसतं, मला माहीत आहे. पुणं लांब नाही, पण सुट्टी लांब असते.

परवा आमच्या ह्यांनी दुकानाचं रंगकाम काढलं. उलव्याहून दोन कारागीर आणले. रंगाऱ्यानं घड्याळ उतरवायला हात घातला, तशी मी म्हटलं, त्याच्या भोवतीनं रंगव. "अहो, पुढं आहे ते," हे म्हणाले, "एवढं काम काढलंच आहे तर बरोबर तरी करून घे." मी म्हटलं, "नको." त्यांनी दोन मिनिटं माझ्याकडे बघितलं आणि ते उलव्याला निघून गेले. आता भिंतीवर नव्या रंगात जुन्या रंगाचा एक चौकोन आहे आणि त्याच्या मधोमध ते.

या उन्हाळ्यात ते जरासं मागं पडलं. मी काउंटरवर चढले, पेटी मागून उघडली, टूथब्रशची दांडी घातली आणि श्वास रोखला. केसभर. जमलं की नाही ते पहिल्या तारखेला कळायचं होतं. त्या दिवशी झाडू मारून झाल्यावर मी मोबाइल समोर धरून बसले. जुळत होतं, सहा मिनिटं आणखी घटली नव्हती. कुणाला सांगायचं नव्हतं, म्हणून नुसतंच "हं" म्हटलं आणि कामाला लागले.

विरजण राखून ठेवावं लागतं. मागायला कुणी आलं, तर घरात असावं.